चांदी, रीळ आणि कॅसेट

खामगावला रजतनगरी म्हणतात. इथल्या चांदीची शुद्धता दूरवर नावाजली जाते. कृष्णधवल चित्रपटाच्या पट्टीवरचं चित्रही चांदीच्या कणांचंच असतं, आणि त्या चांदीपायीच आपल्या सिनेमाचा मोठा ठेवा नाहीसा झाला. जुनी रिळं धुऊन चांदी काढून घेणं हा एके काळी धंदाच होता. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ (1931) शोधत चित्रपट-संग्राहक पी. के. नायर त्याचे दिग्दर्शक अर्देशीर इराणींकडे गेले, तेव्हा इराणी म्हणाले, रिळं कुठंतरी असतील. निघताना इराणींच्या मुलानं सांगितलं, त्यातली चांदी काढून ती केव्हाच विकली!

पुण्यात 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं. पुढच्या वर्षी नायर तिथं रुजू झाले, 1982 मध्ये संचालक झाले आणि 1991 मध्ये निवृत्त झाले. मूळचे तिरुवनंतपुरमचे हे गृहस्थ पुण्याचेच होऊन राहिले. दादासाहेब फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ‘कालिया मर्दन’ची रिळं मिळवली. चित्रपट बघताना अंधारातच वहीत टिपणं काढायची त्यांची सवय होती. चित्रपट चांगला की वाईट हे ठरवणं संग्राहकाचं काम नाही, जे आहे ते सगळं जपायचं, ही त्यांची भूमिका. त्यातूनच सुमारे 12,000 चित्रपटांचा संग्रह उभा राहिला. 2016 साली पुण्यातच त्यांचं निधन झालं.

व्हिडिओकलेसाठी हीच निष्ठा न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये बार्बरा लंडन यांनी दाखवली. टीव्हीच्या पडद्यावरचं चित्र दालनात कशाला, असं विचारलं जाण्याच्या काळात, 1974 पासून त्यांनी तिथं व्हिडिओची नियमित प्रदर्शनं भरवली. 2013 पर्यंत त्या हेच काम करत होत्या. आपल्याकडे चित्रकार अकबर पदमसींनी 1969 मध्ये मुंबईत चित्रकारांसाठी चलत्‌चित्राची कार्यशाळा उघडली. चित्रकार नलिनी मालानींचे सुरुवातीचे प्रयोग तिथलेच. पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर मालानींनी उर्दू लेखक मंटोच्या कथेवरून केलेली व्हिडिओ मांडणी 1999 मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांनी पाहिली. मूर्ती आणि लघुचित्रांच्या वास्तूत व्हिडिओला जागा मिळाली, ही मोठी गोष्ट होती.

मात्र व्हिडिओचं आयुष्य रिळापेक्षाही बेभरवशाचं. नीट जपलेली फिल्म शंभर वर्षं टिकते. कॅसेटवरचा चुंबकीय थर काही दशकांतच सुटू लागतो, आणि तोवर ती चालवणारं यंत्रही बाजारातून गेलेलं असतं. त्यामुळे व्हिडिओच्या संग्राहकाला कॅसेटबरोबर यंत्रही जपावं लागतं आणि नव्या माध्यमात वेळेवर प्रत काढावी लागते.

हे काम केवळ पुण्या-मुंबईचं नाही. कोजागिरीला सुरू होणारा जगदंबा उत्सव, शाळांची स्नेहसंमेलनं, लग्नकार्यं यांचं चित्रण खामगावच्या कपाटांत, जुन्या शूटिंगवाल्यांच्या दुकानांत पडून असेल. आज भंगारात दिलेली कॅसेट उद्या कोणत्याही भावानं परत मिळणार नाही. म्हणून या दिवाळीच्या साफसफाईत अशा कॅसेट बाजूला काढा, त्यांवर साल आणि माणसांची नावं लिहा, चालू यंत्र मिळतंय तोवर प्रती करून घ्या. गावातल्या एखाद्या वाचनालयानं त्यासाठी एक कपाट राखून ठेवावं, ही कळकळीची विनंती.