पाठ्यपुस्तकातील सरपंच आणि दारातला दिवा

‘ग्रामपंचायतीत किमान व कमाल किती सदस्य असतात?’ या प्रश्नाला सहावीतला कोणताही अभ्यासू विद्यार्थी ‘सात ते सतरा’ असे बिनचूक उत्तर देतो आणि पूर्ण गुण मिळवतो. परंतु गल्लीतला बंद दिवा कोणी दुरुस्त करायचा, घरपट्टी कोण आकारते आणि त्या पैशाचे पुढे काय होते, असे विचारताच तो गोंधळतो. स्थानिक स्वराज्य संस्थांचे शिक्षण असे आकड्यांच्या पाठांतरापाशी येऊन थांबले आहे.

वास्तविक या संस्थांचा आणि शिक्षणाचा संबंध जुना आहे. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावात स्थानिक स्वराज्याचे समर्थन करताना कारभाराच्या सुधारणेपेक्षा जनतेच्या राजकीय शिक्षणावर अधिक भर होता. महात्मा फुले १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे सभासद होते. लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याच्या प्रस्तावाला त्यांनी विरोध केला; तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. अंदाजपत्रक म्हणजे केवळ रकमांची यादी नव्हे; कोणती गरज आधी आणि कोणती नंतर, याचा तो निवाडा असतो. मुलांना हे समजावण्यास याहून सोपे उदाहरण कोणते?

हा धडा कच्चा राहिल्याची किंमत अलीकडेच दिसून आली. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती व नगरपालिकांना पाच वर्षांची मुदत दिली आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण करण्याचे बंधन घातले. तरीही मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकाचा कारभार राहिला. प्रभागरचना आणि आरक्षण यांवरील वाद न्यायालयात अडकले आणि राज्यातील इतर अनेक संस्थांचीही तीच गत झाली. जून २०२२ मध्ये सहावीत गेलेल्या मुंबईतील मुलाने पुस्तकात नगरसेवकाची कर्तव्ये वाचली. ते नववीत पोहोचले तरी त्याच्या प्रभागाला नगरसेवक नव्हता. विधानसभा इतकी वर्षे रिकामी राहिली असती तर केवढा गहजब झाला असता! येथे मात्र रोजचा व्यवहार जणू काही घडलेच नाही असा चालू राहिला. जे आपले आहे असे कधी शिकवलेच गेले नाही, ते हिरावले गेल्याची खंत कोणास वाटावी?

यावर उपाय खर्चिक नाही. नव्या पुस्तकाचीही गरज नाही. वर्गाने शाळेच्या नळापासून आरंभ करावा. पाणी कोठून येते, पाणीपट्टी किती, नळ नादुरुस्त झाला तर अर्ज कोणाकडे करायचा, याचा शोध मुलांनीच घ्यावा. अर्ज त्यांनीच लिहावा आणि उत्तराची तारीख फळ्यावर नोंदवावी. गावातील मुलांना ग्रामसभा मागे बसून पाहू द्यावी. पंचायत समिती आणि तहसील कार्यालय यांतील फरक व्याख्या घोकून ध्यानात राहत नाही; एक कारभार निवडून दिलेल्यांचा आणि दुसरा नेमलेल्यांचा, हे दोन्ही दारांत जाऊन आले की विसरत नाही.

अडचण आहे ती वेगळीच. खेड्यातला शिक्षक बहुधा जिल्हा परिषदेचाच नोकर असतो आणि शाळेच्या छपरापासून कुंपणापर्यंत त्याला सरपंचाचा हात लागतो. मुलांनी जमाखर्चाविषयी प्रश्न विचारला की ‘गुरुजी पोरांना राजकारण शिकवतात’ अशी कुजबुज सुरू होते. ही भीती खोटी नाही. पण पक्षाचा प्रचार करणे निराळे आणि गावाच्या पैशाचा हिशेब वाचायला शिकवणे निराळे. हा भेद जपण्याची जबाबदारी एकट्या शिक्षकावर टाकून भागणार नाही. शिक्षण खात्याने असे उपक्रम अभ्यासक्रमाचा भाग असल्याचे लेखी सांगून त्याच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे.

सहावीतले मूल सहा-सात वर्षांत मतदार होते. त्याच्या अर्जाने शाळेसमोरचा एक दिवा जरी लागला, तरी लोकशाही म्हणजे काय हे त्याला पुन्हा सांगावे लागणार नाही. आणि अर्ज धूळ खात पडला, तर मतदानाच्या दिवशी काय विचारायचे, हे त्याला ठाऊक असेल.