पडले नाही, नुसती टेकले!

आपल्याकडची वडीलधारी मंडळी कधी पडत नाहीत. त्यांचा तोल जातो, पाय सरकतो, भोवंडल्यासारखे होते, भिंतीला धरत ती खाली बसतात. ‘पडले कुठे? नुसती टेकले!’ हे वाक्य न ऐकलेले घर विरळाच. गंमत अशी, की जागतिक आरोग्य संघटनेची पडण्याची व्याख्या जवळपास हीच आहे. माणूस नकळत जमिनीवर किंवा खालच्या पातळीवर येऊन टेकला, की तो पडला. लागले की नाही, हा प्रश्नच त्यात नाही.

याच संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात; त्यांत सर्वाधिक साठीपुढची. येल विद्यापीठाच्या मेरी टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरीच राहणाऱ्या, पंचाहत्तरी गाठलेल्या ३३६ जणांवर वर्षभर लक्ष ठेवले. त्यांतले ३२ टक्के किमान एकदा पडले, असे १९८८ साली त्यांनी प्रसिद्ध केले. त्याच वर्षीचा दुसरा एक अमेरिकी अभ्यास मला अधिक बोलका वाटतो. पडल्याची खात्रीशीर नोंद असलेल्या वृद्धांनाच मागाहून विचारले, तर १३ ते ३२ टक्क्यांना आपण पडल्याचे आठवेना! म्हणजे सगळीच लपवाछपवी नसते. न लागलेले पडणे मन सहज पुसून टाकते. मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर केलेल्या पाहणीत ज्येष्ठांना मागच्या दोन वर्षांतले पडणे विचारले गेले होते. दोन वर्षांतले! परवाच्या भाजीचे नाव आठवताना आपली काय तारांबळ उडते?

म्हणून युरोपातल्या तज्ज्ञांनी २००५ साली ठरवले, की नोंद रोजच्या रोज करावी आणि महिनाअखेरीस गोळा करावी. आपल्याला त्यासाठी वेगळी वही नको. दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख आपण ‘कालनिर्णय’वर मांडतोच की.

माझ्या ८२ वर्षांच्या मावशीला मी हे सुचवले, तेव्हा तिने आधी अट घातली. ‘चिरंजीवांना दाखवायचं नाही हं. नाहीतर उद्यापासून माझं भजन बंद!’ खरी मेख इथेच आहे. पडल्याचे कळले की आपण घसरडी फरशी बदलत नाही, माणसाला कोंडतो. मग कोण कशाला सांगेल?

दोन महिन्यांत मावशीच्या कॅलेंडरवर तीन फुल्या पडल्या. शेजारी तिच्या बारीक अक्षरात वेळ, जागा आणि काय करत होते, एवढेच. तिन्ही पहाटे चारच्या सुमाराच्या, पलंग ते न्हाणीघर या वाटेवरच्या. पान पाहताच डॉक्टरांनी तिचा रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर, असा दोनदा मोजला. उभे राहताच तो बराच खाली येत होता. लघवी वाढवणारी गोळी ती रात्री घेत असे. डॉक्टरांनी ती सकाळवर आणली. पलंगाजवळ बारका दिवा आला. भजन चालू राहिले. एक-एक फुली सुटी पाहिली असती, तर ‘वय झालं’ एवढेच निदान झाले असते.

एक बारकावा मात्र सांभाळावा लागतो. दुधाचा खाडा तेवढा मांडला की भागते. इथे भागत नाही. रिकामा चौकोन म्हणजे पडले नाही, की लिहायचे राहिले? म्हणून धड गेलेल्या दिवशीही बरोबरची खूण हवी. मावशी ती रात्री दात काढून ठेवताना करते.

ज्यांची स्मृतीच ओसरू लागली आहे, त्यांच्याकडून ही अपेक्षा ठेवता येत नाही. तिथे पेन्सिल घरच्यांनी किंवा सांभाळणाऱ्या बाईने हाती घ्यायची. पण बाईंनाही भीती असतेच. पडल्याचे लिहिले, तर बोल आपल्यालाच लागणार. मग त्याही म्हणतात, ‘पडल्या नाहीत हो, नुसत्या बसल्या.’