चीक आधी पारडाचा

गोदावरीकाठच्या आमच्या शहागडात म्हैस व्याली की शेजारीपाजारी चीक पोहोचता करायची रीत आहे. खरवस आपण सर्वांनीच मिटक्या मारीत खाल्ला आहे. पण त्या चिकाचा खरा धनी कोण, हा प्रश्न मला गेल्या श्रावणापर्यंत पडला नव्हता. कला शाखेच्या विद्यार्थ्याला हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण माझी फी म्हशीच्या दुधावर भरली जाते.

श्रावणात आमची म्हैस पहाटे व्याली. वगार झाली म्हणून घरात आनंद. "वार पडल्याबिगर पाजू नका," आजी म्हणाली. वार पडायला दुपार टळली. तोवर वगार उपाशीच. चौथ्या दिवशी तिला हगवण लागली, सहाव्या दिवशी ती गेली. केवळ उशिरामुळेच गेली, असे छातीठोक सांगता येणार नाही. पण परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात (स्थापना १९७२) शिकणाऱ्या गावच्या एका दादाने जे समजावले, त्याने माझी झोप उडाली.

माणसाच्या गर्भाला आईच्या रक्तातील रोगाशी लढणारी द्रव्ये वारेतूनच मिळतात. गाई-म्हशींच्या वारेची रचना निराळी. तिच्यातून ती पलीकडे जात नाहीत. त्यामुळे दहा महिने दहा दिवस पोटात राहूनही पारडू जन्मते ते निःशस्त्र. त्याची शस्त्रे चिकात असतात. नवजात आतड्यातून ती जशीच्या तशी रक्तात शिरतात. मात्र हे दार तासागणिक मिटत जाऊन सुमारे २४ तासांत बंद होते. म्हणून पहिला चीक तासा-दोन तासांत पाजावा, आणि पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका. तीस किलोच्या पारडाला तीन लिटर!

वारेसाठी थांबणे तर उफराटेच. पारडू आचळाला लागले की म्हशीच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटते. त्याने पान्हा फुटतो, तसे गर्भाशयही आकुंचते. म्हणजे वार पडायला मदतच होते. वार साधारण ८ ते १२ तासांत पडते. न पडल्यास ओढू नये, डॉक्टरांना बोलवावे. नाळेला टिंक्चर आयोडीन लावणे हेही विसरू नये.

हे सारे आजीला सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. दुसरी म्हैस पौषात विणार आहे. खरवस यंदा तिसऱ्या दिवशी करायचा, असे आजीनेच शेजारणीला सांगून ठेवले आहे.