‘असली है क्या, चाचा?’

मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवरच्या जुन्या पोस्टर्सच्या दुकानांत दिवसभरात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच असावा. विचारणारा कॉलेजचा असतो, खांद्याला सॅक, हातात मोबाइल, आणि मोबाइलमध्ये आधीच सेव्ह करून ठेवलेला कुठल्या तरी कॅफेच्या भिंतीचा फोटो. तसंच पोस्टर हवं असतं. ‘दीवार’चं असेल तर उत्तम, नाहीतर दादा कोंडकेंचं कुठलंही चालेल.

या दुकानांना आता काहीजण ‘गॅलरी’ म्हणतात. ज्या गॅलरीत मी तीन दुपारी घालवल्या, तिथे एका वेळी चार माणसं उभी राहिली की पाचव्याने बाहेर थांबायचं. पोस्टर्स भिंतीवर कमी आणि जमिनीपासून कमरेपर्यंत रचलेल्या गठ्ठ्यांमध्ये जास्त. मालकांना सगळे चाचा म्हणतात. दुकानाचं नाव छापू नको, गर्दी वाढते आणि गिऱ्हाईक नाही वाढत, असं त्यांनीच सांगितलं. त्यामुळे नाव नाही. नियम एकच : गठ्ठा स्वतः उलटायचा नाही. वरून तिसरं बघायचं असेल तर चाचाच दोन्ही हातांनी वरची दोन उचलणार. पन्नास वर्षांचा कागद एका कोपऱ्याला धरून ओढला की काय होतं, हे त्यांनी बऱ्याच वेळा बघितलंय.

आता त्या ‘असली’बद्दल. याच बाजारात फसलेला एक ग्राहक मला याच दुकानात भेटला. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने दुसरीकडून ‘मुघल-ए-आझम’चं पोस्टर घेतलं, १९६०चं म्हणून, अडीच हजारांना. पैसे दोन महिन्यांच्या ट्यूशन्सचे. चाचांना दाखवायला आणलं होतं. चाचांनी ते उलगडलंही नाही. फक्त घडीवरून बोट फिरवलं आणि परत दिलं.

झालं होतं असं. पूर्वी पोस्टर्स छापखान्यातून घड्या घालून टॉकीजला जायची. त्यामुळे जुन्या कागदावर घडीची खूण असते आणि तिथे कागद थोडा विरलेला असतो. याच्या पोस्टरवरही घडी दिसत होती, पण बोटाला लागत नव्हती. म्हणजे कुणीतरी खरं पोस्टर स्कॅन केलं आणि घडीसकट छापलं! सुरकुत्यांचा फोटो विकत घेतला होता त्याने. (हसू येतं, पण दोन महिन्यांच्या ट्यूशन्स आठवल्या की येत नाही.)

तर बोटानंतर बघायचं ते खालच्या कडेला. जुन्या पोस्टरवर बहुतेक वेळा तिथे बारीक अक्षरात छापखान्याचं नाव असतं. भिंग लावून ती अक्षरं बघा. मूळ छपाईत अक्षराची कड स्वच्छ असते, स्कॅनमध्ये ती फुटते, ठिपक्यांची होते. मग माप. आपल्याकडचं नेहमीचं मोठं पोस्टर साधारण ३० बाय ४० इंचांचं. ए-थ्री साइजमध्ये ‘ओरिजिनल’ मिळत असेल तर मुकाट्याने पुढच्या दुकानात जावं.

याच्या मधला एक प्रकार आहे आणि तिथे भलेभले गोंधळतात. सिनेमा पुन्हा रिलीज झाला की नवीन पोस्टर निघायचं. ते नकली नसतं, पण पहिल्या रिलीजचंही नसतं. ‘मुघल-ए-आझम’ पूर्ण रंगीत होऊन २००४मध्ये परत लागला, तेव्हाची पोस्टर्सही आता जुनी दिसायला लागली आहेत. पोस्टर रंगीत आहे म्हणजे २००४चं, असाही हिशोब चालत नाही. कृष्णधवल सिनेमांची पोस्टर्सही रंगीतच असायची, कारण ती हाताने रंगवलेल्या चित्रावरून छापायची.

आणि ते हात कुणाचे, हे विचारणारे ग्राहक फार कमी. तिसऱ्या दुपारी जे. जे.ची एक मुलगी आली. तिने हीरो-हिरॉइन विचारलंच नाही. ‘दिवाकर आहे का?’ एवढंच. चाचा त्या दिवशी पहिल्यांदा स्टुलावरून उठले. दिवाकर करकरे म्हणजे ‘वक्त’, ‘दीवार’, ‘अमर अकबर अँथनी’ची पोस्टर्स करणारे चित्रकार, तेही जे. जे.चेच. पॅलेट नाइफने रंगाचे जाड फटकारे मारून चेहरा उभा करण्याची त्यांची पद्धत. अमिताभचा ‘अँग्री यंग मॅन’ आपल्या डोक्यात जो बसलाय, त्याच्या अर्ध्या रागाला हे फटकारे जबाबदार आहेत असं माझं मत. अनेक पोस्टर्सच्या कोपऱ्यात ‘दिवाकर’ अशी सही सापडते. ती मुलगी सही शोधत होती, आम्ही बाकीचे अमिताभ.

मराठी माणसाने या विषयात थोडी कॉलर ताठ करायला हरकत नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी आपल्या मूकपटांची पोस्टर्स स्वतः रंगवली. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चं १९२४मधलं पोस्टर आज माहीत असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय सिनेपोस्टर्समध्ये धरतात. कोल्हापूरचेच जी. कांबळे ‘मुघल-ए-आझम’च्या प्रचंड बॅनर्ससाठी ओळखले गेले. आणि एम. एफ. हुसेन चित्रकार म्हणून नावारूपाला येण्याआधी याच मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवत होते. नव्वदच्या दशकात कम्प्युटर आणि फ्लेक्स आले आणि हे काम थोड्याच वर्षांत संपलं.

या कागदाला एवढा भाव का, याचं एक उत्तर मला पटलं. भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले, त्यातले आज हाताच्या बोटांवर काही वेळा मोजता येतील एवढेच शिल्लक आहेत. पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. त्याची एकही प्रिंट आज उपलब्ध नाही. उरलेत ते फोटो आणि जाहिरातीचे कागद. म्हणजे जे भिंतीवर खळ लावून डकवायचं, पावसात भिजून जायचं आणि पुढच्या शुक्रवारी ज्याच्यावर दुसरं चिकटायचं, ते सिनेमापेक्षा जास्त टिकलं.

पण सगळे ग्राहक असा विचार करून येत नाहीत. एक मुलगा सोलापूरकडचा, मुंबईत एम.कॉम. करतो आणि हॉस्टेलवर राहतो. त्याचे वडील गावाकडच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. टॉकीज बंद पडली, तिथे आता मंगल कार्यालय आहे. हा इथे मित्रासोबत टाइमपास करायला आला होता. चाचा ‘पिंजरा’चं पोस्टर बाजूला ठेवत होते, तेव्हा मागच्या बाजूचा पुसट जांभळा रबरी शिक्का त्याला दिसला. पोस्टर परत जावं म्हणून टॉकीजवाले कधी कधी मागे शिक्का मारायचे. शिक्का त्याच टॉकीजचा होता.

किंमत साडेतीन हजार. याच्याकडे बाराशे. घासाघीस त्याने केली नाही. त्याच्याच शब्दांत, तोंडातून आवाजच निघाला नाही. चाचांनी बाराशे घेतले, पोस्टर ब्राउन पेपरमध्ये गुंडाळून कपाटावर टाकलं आणि वर पेन्सिलने त्याचं नाव लिहिलं. मी गेले तेव्हा दुसरा हप्ता देऊन झाला होता. वडिलांना अजून सांगितलेलं नाही. त्याला काळजी वेगळीच आहे : भिंतीवर लावताना पुढची बाजू दाखवायची की मागची?

याचं उत्तर चाचांकडे होतं, दोन्हीकडून काच असलेली फ्रेम. फ्रेमवाला म्हणेल की आधी लॅमिनेट करून घेऊ, तर तिथून पळत सुटायचं, असंही त्यांनी बजावलं. लॅमिनेशन परत निघत नाही, निघतो तो कागद. फाटलं असेल तर सेलोटेप नाही. त्याचा पिवळा डाग आत उतरतो. जाणकार लोक मागून पातळ कागद आणि कापड लावतात, तेही गव्हाच्या खळीने, कारण ती पुढे पाण्याने सोडवता येते. आणि उन्हाची भिंत टाळायची. लाल आणि पिवळा आधी उडतात, मग हिरॉइन निळी पडते.

पैसे नाहीत म्हणून बघायचंच नाही असं काही नाही. पुण्यात लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४पासून आहे, त्यांच्याकडे पोस्टर्सचा मोठा साठा आहे. मुंबईत पेडर रोडला गुलशन महालात २०१९मध्ये सुरू झालेलं भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. चोर बाजारातही नुसतं बघायला कुणी हाकलत नाही, फक्त रील काढायच्या आधी विचारा. चाचा हो म्हणतात, पण फ्लॅश लावला की लगेच नाही म्हणतात.

ग्रँट रोडला उतरून पूर्वेकडून चालत जाता येतं. शुक्रवारी जाऊ नका. त्या दिवशी मटण स्ट्रीटची दुकानं बंद असतात आणि पहाटेपासून रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. तिथे स्क्रू ड्रायव्हरपासून बुटांपर्यंत सगळं मिळेल. पोस्टर मिळालंच, तर घडीवरून बोट फिरवून बघा.