पाचोळ्याचे यंत्र निवडताना

अमेरिकेच्या ईशान्य भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरात मेपल व ओक वृक्षांचा पर्णसंभार अंगणात उतरू लागला, म्हणजे पाठीवर बांधावयाचा पेट्रोलचा लीफ ब्लोअर (पाचोळा हवेच्या झोताने लोटणारे यंत्र) घेऊ पाहणारा गृहस्थ बहुधा ताशी मैलांचा आकडा पाहतो आणि ज्याचा वेग अधिक तेच यंत्र समर्थ, असा निष्कर्ष काढतो. हा समज स्वाभाविक असला तरी अपुरा आहे. नळीचे तोंड अंगठ्याने दाबले असता पाण्याची धार दूर जाते, परंतु पाणी काही वाढत नाही; तद्वत वेग भुईला चिकटलेले ओले पान उखडतो, पण ढीग पुढे रेटीत नेण्यास मिनिटागणिक किती घनफूट हवा बाहेर पडते, हे महत्त्वाचे. या दोहोंचा संयुक्त परिणाम न्यूटन (बल मोजण्याचे एकक) या मापात दिलेल्या झोताच्या रेट्यात उतरतो, म्हणून तुलना त्याच आकड्याने करणे मला सर्वाधिक न्याय्य वाटते. लहान आवारास मात्र मोठे इंजिन व्यर्थ होय. सुमारे 10 किलोंचे ओझे खांद्यावर वागवावयाचे असल्याने पट्टे नीट बसतात याची खातरजमा दुकानातच करावी, आणि कानांच्या रक्षणाची तजवीज यंत्राबरोबरच करावी.