तलावाचे पाणी, लेखांक ९ : ढवळायचे किती खोल?

कुरखेड्याहून एका वाचकाने विचारलेला प्रश्न आज घेतो. ते लिहितात, "आमच्या मामा तलावाचे पाणी उन्हाळ्यात हिरवेगार होते. मधोमध कारंजे बसवले तर पाणी फिरेल आणि शेवाळ जाईल ना?"

कारंजे वरचे पाणी उचलते आणि वरच टाकते. ढवळायचे असते तळाचे पाणी. त्यासाठी भोके पाडलेली नळी तळाशी अंथरतात आणि कॉम्प्रेसरने तिच्यात हवा सोडतात. बुडबुडे वर येताना तळाचे गार पाणी सोबत ओढून आणतात.

गरम पाणी वर, गार खाली असे थर आपल्या हवेत फार लवकर जमतात. १० अंशांवरून ११ वर जाताना पाणी जेवढे हलके होते, त्याच्या तिप्पट ते ३० वरून ३१ वर जाताना होते. म्हणून एप्रिलच्या दुपारी दोन अंशांचा फरकही वरखालचे पाणी वेगळे ठेवायला पुरतो. मग तळाचा प्राणवायू संपतो आणि लोहाने गाळात धरून ठेवलेला फॉस्फरस सुटतो. शेवाळाला आयते खत मिळते.

वरच्या निवांत थरात फावते ते मायक्रोसिस्टिसचे. हा नील-हरित जीवाणू. पेशींतल्या हवेच्या पोकळ्यांच्या जोरावर तो उजेडाकडे तरंगत येतो. त्याचे विष पाणी उकळूनही जात नाही. ॲमस्टरडॅमजवळच्या न्यूवे मेर तळ्यात १९९३पासून असे बुडबुडे सोडले, तेव्हा मायक्रोसिस्टिस हटला आणि त्याच्या जागी हिरवी शेवाळे नि डायाटम आले. यातली बरीचशी पाणी थांबले की बुडतात, फिरत राहिले तर टिकतात. शेवाळ संपले नाही, पण विषारी जाऊन निरुपद्रवी आले. पिण्याच्या पाण्यात हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

मात्र ते तळे ३० मीटरपर्यंत खोल आहे. फिरत्या पाण्याबरोबर मायक्रोसिस्टिसचा बराच वेळ अंधारात जातो, म्हणून तो हरतो. आपले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोहळी समाजाने धानाच्या ओलितासाठी बांधले. ते पसरट आहेत, आणि उन्हाळ्यात दोन-तीन मीटर पाणी उरले तरी पुष्कळ. एवढ्या पाण्यात अंधार तो कितीसा? शिवाय रात्रीच्या गारव्याने आणि वाऱ्याने थर बहुधा आपोआप मोडतो. तिथे यंत्राने गाळ तेवढा उठेल. कारंजेही नको आणि कॉम्प्रेसरही नको, असे माझे स्पष्ट मत आहे.

खर्चाचा विचार करण्याआधी दोन गोष्टी करून पाहा. हातमोजे घालून हिरव्या पाण्याने काचेची बरणी भरा आणि रात्रभर सावलीत न हलवता ठेवा. सकाळी वर हिरवा थर जमला असेल तर बहुधा तरंगणारा नील-हरित जीवाणू. हिरवे तळाशी बसून वरचे पाणी निवळले तर दुसरे काही. दुसरी गोष्ट, पाळीजवळच्या सर्वांत खोल जागी पहाटे आणि दुपारी तीनला वरच्या नि तळाच्या पाण्याचे तापमान घ्या. तळाचे पाणी काढायला दगड बांधलेली बाटली चालते. बुचाला वेगळी दोरी बांधायची आणि तळाशी गेल्यावर ओढायची. पहाटेही फरक तसाच राहत असेल तर मला आकडे कळवा. मग तुमच्या तलावाचा विचार वेगळा करावा लागेल.