दम लागण्याआधीचे दिवस
फुफ्फुसांचे जुनाट आजार : लेखांक ६

गांधीबागेतून रुग्णालय दूर नाही. कापडाच्या ठोक बाजारातून निघालेला माणूस थोड्याच वेळात सेंट्रल अव्हेन्यूवरील इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे नागपूरकरांच्या मेयोत, पोहोचू शकतो. मग येथील रुग्णावर घरच्या घरी देखरेख ठेवण्याची गरज काय, असा प्रश्न साहजिक आहे. परंतु तंबाखूच्या वा चुलीच्या धुराने आणि धुळीने श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या सीओपीडी या आजारात उशीर होतो तो बहुधा घरातच. आजार उचल खाऊ लागला की आधी काही दिवस धाप वाढते, बेडका जास्त पडतो आणि त्याचा रंग पिवळा-हिरवा होतो; कॅनडातील निकोलस अँथोनिसेन यांनी १९८७ मध्ये हीच तीन लक्षणे निकष म्हणून मांडली आणि ती आजही प्रमाण मानली जातात. घरातले लोक मात्र ‘थंडीचा खोकला आहे’ असे म्हणून दिवस ढकलतात.

दूरस्थ देखरेख म्हणजे हे बदल घरी नोंदवून दवाखान्यापर्यंत वेळेवर पोहोचवण्याची व्यवस्था. तिचे सर्वांत परिचित साधन ऑक्सिमीटर असून, जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये त्यामागील तत्त्व मांडले: बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश सोडले असता ऑक्सिजन धारण केलेले व न केलेले रक्त ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषते, आणि नाडीच्या ठोक्यागणिक बदलणारा भाग वेगळा काढला की केवळ धमनीतील रक्ताचा अंदाज घेता येतो. बोटे गार असली, नखांना रंग असला किंवा हात हलत असला तर हा अंदाज चुकतो. अमेरिकेतील २०२० च्या एका अभ्यासात यंत्राने ९२ ते ९६ टक्के दाखवले असतानाही प्रत्यक्षात ८८ टक्क्यांखाली ऑक्सिजन असल्याचे प्रमाण कृष्णवर्णीयांत ११.७, तर गोऱ्यांत ३.६ टक्के आढळले. सावळ्या कातडीच्या आपल्या समाजाने ही बाब गांभीर्याने घ्यायला हवी.

महाराष्ट्राला या यंत्राची सवय करोनाने लावली. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथके घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन तपासत होती. त्याच वर्षी २५ मार्चला दूरवैद्यकीय सल्ल्याची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे निघाली आणि फोनवरून सल्ला देण्याला निश्चित चौकट मिळाली. करोना मात्र काही आठवड्यांचा आजार होता आणि सीओपीडी जन्मभराचा. शिवाय याच्या रुग्णाचा चांगल्या दिवसाचा आकडाही ९१ असू शकतो, त्यामुळे ‘९५ च्या खाली म्हणजे धोका’ हा करोनाकाळातला ठोकताळा येथे कामाचा नाही. तुलना करायची ती रुग्णाच्या स्वतःच्या नेहमीच्या आकड्याशी.

केवळ यंत्रे वाटून भागत नाही, हे स्कॉटलंडच्या अनुभवाने दाखवले आहे. लोदियन भागातील २५६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्यांनी रोज लक्षणे व ऑक्सिजन दूरस्थपणे कळवला, तरी त्यांचे रुग्णालयात दाखल होणे लांबले नाही. दोन्ही गटांना मिळणारे उपचार सारखेच चांगले होते, हे येथे लक्षात घ्यावे लागते. जेथे एरवी रुग्णाची विचारपूसच होत नाही तेथे चित्र वेगळे असू शकेल, पण त्यासाठी नोंद वाचून त्याच दिवशी उलट फोन करणारी परिचारिका आधी नेमावी लागेल आणि यंत्रे त्यानंतर घ्यावी लागतील.

खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असलेल्या घरात तर जिनाच उत्तम मापक आहे. सकाळी पाच मिनिटे स्वस्थ बसून, हात चोळून गरम करून, ऑक्सिमीटरवरील आकडा स्थिरावल्यावरच तो वहीत लिहावा. शेजारी बेडक्याचा रंग, श्वासाद्वारे औषध घेण्याचा पंप किती वेळा जास्तीचा घ्यावा लागला आणि काल कितव्या पायरीवर थांबावे लागले, एवढे लिहिले तरी डॉक्टरांना पुरेसे कळते. यांतील पायरीची नोंद ऑक्सिजनच्या आकड्याआधीच बदलू शकते.

ज्यांच्या घरी ऑक्सिजनचे यंत्र आहे त्यांच्याबाबत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. धाप वाढली की नातेवाईक मायेपोटी प्रवाह वाढवतात. परंतु ज्या रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असतो, त्यांच्यासाठी ८८ ते ९२ टक्के हेच लक्ष्य मानले जाते आणि त्याहून जास्त ऑक्सिजनने गुंगी येऊन प्रकृती ढासळू शकते. म्हणून प्रवाह किती ठेवायचा, आकडा कुठे गेला की फोन करायचा आणि रात्री कोणाला करायचा, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घेऊन त्या यंत्रावरच चिकटवावे.